काकूंचा नकल्या

वारज्यातल्या त्या फ्लॅटचं दार उघडल्यावर काकूंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "कॉम्प्युटर कळतो का?"

"मी त्यातच नोकरी करते," मी म्हणाले.

"नोकरीचं एजंटने सांगितलं. कळतो का, ते विचारतेय."

"बऱ्यापैकी कळतो."

"मग या आत. खोली बघून घ्या."

मी वर्ध्याहून नुकतीच आले होते. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली होती आणि खोलीसाठी मी कोथरूड-कर्वेनगर पालथं घातलं होतं. प्रत्येक घरात आधी आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की "म्हणजे तुम्ही नेमके कुठले?" असा पुढचा प्रश्न यायचा, आणि मग ती खोली कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असायची. काकूंनी आडनाव विचारलंच नाही. राहायला आल्यावर मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावायला घेतली तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "खिळा सरळ धरा. वाकडा गेला तर पोपडा पडेल." आणि गेल्या. या विषयावर त्या घरात झालेलं बोलणं ते एवढंच.

काकू पाटबंधारे खात्यात स्टेनो होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण बोटं निवृत्त झाली नव्हती. कुणी बोलायला लागलं की त्यांची उजवी तर्जनी गुडघ्यावर आपोआप लघुलिपी लिहू लागायची. समोरचा माणूस उगाच लांबण लावायला लागला की बोट थांबायचं. पाहुण्यांना हे माहीत नसायचं. मला माहीत झालं होतं. घरभाड्याबद्दल, पाण्याबद्दल काही सांगायला गेले की माझं अर्धं लक्ष त्या बोटाकडे असायचं. थांबलं की मीही थांबायचे.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे त्या कधीही, कशाचीही शिफारस करत नसत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "अहो, तुम्ही त्या दातांच्या डॉक्टरकडे गेला होतात ना? कसे आहेत?"

"दात निघाला."

"नाही, पण चांगले आहेत का?"

"दात निघाला म्हणतेय ना. आता डॉक्टरांचं चारित्र्य मला काय ठाऊक?"

मी हसले तर मलाच तंबी मिळाली. "हसता काय? सगळी नोकरी शिफारसपत्रं टंकण्यात गेली माझी. साहेब सांगायचे, लिहा, अमुक तमुक यांना मी जवळून ओळखतो. तो अमुक तमुक बाहेर बाकावर बसलेला असायचा आणि साहेब मला विचारायचे, त्याचं पहिलं नाव काय हो? तेव्हापासून मी ठरवलं. स्वतः वापरल्याशिवाय बोलायचं नाही, आणि वापरलं तरी शक्यतो बोलायचं नाही."

काका आतल्या खोलीत असायचे. पिंपरीच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. परदेशी माल यायला लागला, कारखान्याला उतरती कळा लागली आणि पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना पैसे देऊन घरी बसवलं, त्यात तेही आले. मी राहायला गेले तोवर त्यांचं विसरणं बरंच पुढे गेलं होतं. स्वच्छ लेंगा-सदरा घालून, भांग पाडून ते खिडकीशी बसलेले असायचे. काकूंना ते ओळखत नसत. त्यांना त्या कुणीतरी कामाला ठेवलेल्या, बऱ्या स्वभावाच्या बाई वाटायच्या. "अहो बाई," ते फार अदबीने म्हणायचे, "आमची मंडळी कुठे गेलीत?"

"येतील इतक्यात," काकू म्हणायच्या.

"त्या आल्या की चहा ठेवा."

"ठेवते."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले होते. तशीच परत गेले. काकूंना कीव चालत नसे हे मला तोवर कळलं होतं.

कॉम्प्युटरचा प्रश्न त्यांनी मला का विचारला होता, ते एका रविवारी त्यांनीच सांगितलं. काका घरी बसले तेव्हा त्यांनी आलेल्या पैशांतून एक वस्तू आणली होती : टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. तोच तो त्या काळचा, लाल-पांढरा डबा, वर खोचायची कॅसेट आणि दोन रिमोट. कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असं छापलेलं होतं आणि आत सहा-सात खेळच आलटून पालटून होते. भाचरं सुटीत येतील म्हणून आणलं, असं काकांनी सांगितलं. भाचरं आली, खेळली, गेली. पुढे काकूही निवृत्त झाल्या आणि मग हे दोघं खेळायला लागले.

"दोघं म्हणजे, तुम्ही आणि काका?"

"मग काय शेजारच्यांना बोलावणार होते? दुपारी पडदे ओढून खेळायचो. आवाज ऐकून खालच्यांनी विचारलं, तर सांगितलं, सिरियल बघतो. साठीला आलेली माणसं बंदुका घेऊन उड्या मारतात हे कुणाला सांगणार?"

मूलबाळ नव्हतं. त्या खोलीत पडदे ओढून दुपारच्या दुपारी दोघं खेळत. खेळ एकच, दोन बंदूकवाल्या शिपायांनी पूल, जंगल, बुरुज ओलांडत जायचा : निळा शिपाई काकू, लाल शिपाई काका. पुढे एकदा वीज वरखाली होऊन तो गेमचा सेट जळला. काका तोवर विसरू लागलेच होते, त्यामुळे दुरुस्तीची घाई कुणी केली नाही. मग केव्हातरी काकूंच्या लक्षात आलं की काका खिडकीशी बसलेले असताना त्यांचे अंगठे हलतात.

"चाळा असेल," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. पण मी हातांकडे बघून काय बोललं जातंय ते ओळखणारी बाई आहे. एक दिवस समोर बसून नीट पाहिलं. उजवा दोनदा, डावा पुढे, उजवा, डावा खाली. अहो, पहिला पूल ओलांडत होते ते."

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन त्यांनी नवा सेट आणला होता. त्यात तो खेळ नव्हता, जो होता त्याचे रंग भलतेच होते, आणि तो आठवड्यात बंद पडला. मग अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलं, मावशी, असला जुना सेट कॉम्प्युटरवर जसाच्या तसा चालवणारे प्रोग्रॅम असतात, एम्युलेटर म्हणतात. काकूंनी कॉम्प्युटर जोडून घेतला. त्या प्रोग्रॅमला त्यांनी नाव ठेवलं, नकल्या.

नकल्याची परीक्षा मी नोकरीत कधी घेतली नाही इतकी कडक त्या घरात पाहिली. मी ऑफिसातल्या मुलांना विचारलं. त्यांनी सगळ्यांत लोकप्रिय होता तो सांगितला : चित्र गुळगुळीत करतो, जीव वाढवून देतो, काय वाट्टेल ते करतो. मी तो घालून दिला. काकूंनी काही मिनिटं खेळून रिमोट खाली ठेवला.

"हे पुसून काढलंय."

"काय पुसलंय?"

"गर्दी झाली की माणसं लुकलुकायची. अर्धी दिसायची, अर्धी नाहीशी व्हायची. इथे सगळी ठळक दिसतात."

"काकू, तो जुन्या मशीनचा दोष होता. एका ओळीत जास्त आकृत्या आल्या की त्याला झेपायचं नाही. यात तो काढून टाकलाय."

"काढायला सांगितलं कुणी? आमच्या शाळेत एक मुलगी हेडबाईंची नक्कल करायची. हेडबाई वाक्य बोलल्या की खोकायच्या. ती नेमकी तिथेच खोकायची. खोकला गाळून नक्कल केली असती तर कुणी ओळखल्या असत्या का हेडबाई?"

दुसऱ्यात आवाज पातळ होता. तिसऱ्यात बटण दाबल्यावर उडी मारायला कणभर उशीर व्हायचा. मला तो उशीर दिसतही नव्हता, काकूंना बोटांत कळायचा. मी दिवाळीला घरी जाऊन आले, पुन्हा नवे शोधले. प्रत्येक वेळी काका शेजारच्या खुर्चीत, हातात दुसरा रिमोट. ते दाबायचे, पण त्यांचं दाबणं आणि पडद्यावरचं जुळायचं नाही. शिपाई खड्ड्यात पडायचा. ते गोंधळून रिमोट उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "अहो बाई, हे बिघडलंय. दुकानात परत द्या."

"ते बरोबर म्हणतायत," काकू म्हणाल्या. "हा पळतोय. आमचा असा पळत नव्हता."

मला वाटलं, म्हातारपणी सगळंच पळताना दिसतं. पण तपासायची सवय असल्यामुळे मी शोधत राहिले, आणि एका जुन्या चर्चेत उत्तर सापडलं. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. आपल्याकडच्या टीव्हीवर पन्नास वेळा. आपल्याकडे विकले गेलेले ते स्वस्त डबे पन्नासच्या हिशोबाने चालायचे, म्हणून खेळ थोडा संथ असायचा. मी घालून दिलेले सगळे नकल्ये साठने पळत होते. काकूंचं सगळं खरं होतं.

वेग निवडू देणारा एक साधा, जुनाट दिसणारा प्रोग्रॅम मिळाला. त्यात लुकलुकणं शाबूत होतं. नव्या सपाट पडद्यापेक्षा जुन्या टीव्हीवर चित्र लगेच उमटतं, म्हणून कॉम्प्युटर मी त्यांच्या जुन्या टीव्हीलाच जोडून दिला आणि तो बटणाचा उशीरही गेला.

ती रविवारची दुपार. काकूंनी पडदे ओढले. संगीत सुरू झालं तशी काकांची मान सरळ झाली. दोन्ही शिपाई पहिला पूल ओलांडून गेले. काका पडले नाहीत. जंगल संपलं आणि बुरुजाचा भाग आला. तिथे पायरी पायरीने उड्या मारत वर चढायचं असतं, आणि पुढचा शिपाई वर गेला की चित्रही वर सरकतं. मागे राहिलेला पडद्याच्या खाली जाऊन मरतो. काकू सवयीने भराभर वर गेल्या.

"अगं, थांब! मला येऊ दे."

काकूंचे दोन्ही हात जागच्या जागी थिजले. निळा शिपाई पायरीवर उभा राहिला. वरून गोळ्या येत होत्या. लाल शिपाई उड्या मारत त्याच्या शेजारी येऊन पोहोचला.

"हं, चल आता," काका म्हणाले.

त्या घरात गेल्या दोन-अडीच वर्षांत कुणी काकूंना अगं म्हटलं नव्हतं. त्या खेळत राहिल्या. सगळे जीव संपले, पडदा काळा झाला, आणि काका बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग शेजारी वळून म्हणाले, "अहो बाई, आमची मंडळी आता इथेच होती. कुठे गेली?"

त्या आठवड्यात काकूंच्या नणंदबाईंचा धायरीहून फोन आला. त्यांच्या नातवाला असलं काहीतरी हवं होतं. मी माझ्या खोलीतून ऐकत होते. काकू स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "मी वापरतेय तो चांगला आहे. नाव लिहून घ्या. माझं नाव सांगितलंत तरी चालेल." जन्मात पहिली शिफारस केली असेल त्यांनी. वर खणखणीत आवाजात समजावलंही : वेग आपल्याकडचा हवा, दोष होते तसेच हवेत, दाबलं की लगेच उडी हवी. बाकी सगळी झालर.

अडचण काळ्या पडद्याची होती. खेळ संपला की काका मंडळींना शोधायला लागत. कपाट उघडत, गॅलरीत जात, एकदा जिना उतरून रस्त्यापर्यंत गेले. तेव्हा मी काकूंना सांगितलं की यात एक सोय आहे. खेळ कुठल्याही क्षणी जपून ठेवता येतो आणि हवं तेव्हा त्याच क्षणापासून पुन्हा सुरू करता येतो. शिपाई मेले तरी संपत नाही.

"मूळ सेटमध्ये होती ही सोय?"

"नाही."

"मग नको," त्या म्हणाल्या. बोट थांबलं होतं. विषय संपला.

पंधरा दिवसांनी त्यांनीच विचारलं, "ते जपून ठेवायचं कसं असतं, दाखवा बरं."

त्यांनी बुरुजाच्या पायथ्याचा क्षण जपून ठेवला. मी ऑफिसातून यायचे तेव्हा दारातूनच ते संगीत ऐकू यायचं, तेच, तेवढंच. काकू चार पायऱ्या भराभर चढायच्या. काका म्हणायचे, "अगं, थांब! मला येऊ दे." काकू थांबायच्या, दोघं वर जायचे, आणि त्या एक बटण दाबून पुन्हा पायथ्याशी. पुन्हा चार पायऱ्या. पुन्हा "अगं, थांब." काकांना आधीचं आठवत नसल्यामुळे त्यांच्यासाठी ते प्रत्येक वेळी नवंच होतं. पोळ्या करायच्या राहिलेल्या असायच्या. मी कणीक मळायला घ्यायचे.

पावसाळा संपता संपता एकदा काका तिथे बोललेच नाहीत. लाल शिपाई पायथ्याशी उभा राहिला, चित्र वर सरकलं आणि तो खाली जाऊन मेला. काकूंनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच झालं.

रात्रीचं जेवण होण्याआधी त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. "तुम्ही त्या प्रोग्रॅममध्ये काही बदललंत का?"

"नाही काकू."

"आपोआप काही बदलतं का त्यात? तुमच्यात ते काय म्हणतात, अपडेट?"

"इंटरनेट बंदच असतं त्या कॉम्प्युटरचं."

"तपासा. काहीतरी बदललंय."

मी तपासलं. वेग पन्नासचाच होता. तारा घट्ट होत्या. दुसरा रिमोट मी स्वतः चालवून पाहिला, प्रत्येक बटण. माझं कामच हे. काय बिघडलंय ते शोधून सांगायचं मला पगार मिळायचा. मी म्हणाले, "काकू, सगळं जसंच्या तसं आहे."

"नीट तपासलंत?"

"हो."

"उद्या पुन्हा तपासा."

मी पुन्हा तपासलं. त्यानंतर काकूंनी एकेक करून टाकून दिलेले सगळे नकल्ये परत घालायला लावले. साठवाला, पातळ आवाजाचा, गुळगुळीत चेहऱ्यांचासुद्धा. ज्याला त्यांनी नावं ठेवली होती त्याच्यासमोर त्या काकांना बसवून वाट बघायच्या. काकांचे अंगठे थोडे दिवस हलत होते. मग एक राहिला, उजवा. मग रिमोट मांडीवर नुसता ठेवलेला असायचा आणि त्यावर हात.

"याहून हळू चालवता येतो का?" एका रविवारी त्यांनी विचारलं.

मला उलगडा झाला नाही. "पन्नास बरोबर आहे, काकू. तुम्हीच म्हणाला होतात."

"ते तेव्हा. आता यांना पोहोचायला वेळ लागतोय. हळू करा."

त्या प्रोग्रॅममध्ये वेग हवा तितका उतरवता यायचा. मी थोडा कमी केला. पुढच्या रविवारी आणखी कमी. मग निम्मा. संगीत ओढत, घरघरत यायला लागलं, पेटीचा भाता फाटावा तसं. गोळी बंदुकीतून निघून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हायचा. शेवटी तो इतका हळू केला होता की निळा शिपाई उडी मारून हवेत टांगल्यासारखा दिसायचा. काकू एक पायरी चढायच्या आणि थांबायच्या. लाल शिपाई पायथ्याशी. "या हो," त्या हलकेच म्हणायच्या, "घाई नाही. थांबलेय मी." मशीनचा पंखा फिरत राहायचा. काका टीव्हीकडे तोंड करून बसलेले असायचे, पण डोळे मिटलेले आहेत की उघडे, हे त्या अंधारात कळायचं नाही.

त्या हिवाळ्यात कंपनीने मला बंगळूरला पाठवलं. मी खोली सोडली. निघताना काकू म्हणाल्या, "तिकडे घर शोधताना भिंती बघून घ्या, ओल असते." काका छातीत कफ होऊन गेले ते मला फोनवर कळलं, आणि मी पुण्याला येईपर्यंत उन्हाळा लागला होता.

काकूंनी दार उघडलं. आत माझ्या खोलीत नवी मुलगी राहत होती, सोलापूरची, ती कामाला गेली होती. टीव्हीच्या शेजारी कॉम्प्युटर होता, त्यावर चादर घातलेली. आम्ही चहा घेतला. मी काकांबद्दल जे बोलायचं असतं ते बोलू लागले. त्यांचं बोट गुडघ्यावर हलत नव्हतं, म्हणून मी गप्प झाले.

मग, त्यांना बरं वाटावं म्हणून असेल, मी म्हणाले, "काकू, पण त्या दुपारी त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं. अगं म्हणाले होते. मी ऐकलंय."

काकूंनी कप खाली ठेवला.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "नंतर मी रोज तेच करत बसले, तेव्हा नीट बघितलं. ते कधीच माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत हो. मान एवढीसुद्धा वळली नाही. ते अगं त्या निळ्या शिपायाला होतं. पडद्यातल्या. शेजारी कोण बसलंय त्याचा त्यांना पत्ता नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'तसं नव्हतं' म्हणावं असं त्यांना वाटत होतं, हे मला कळत होतं. पण खेळ बघताना मी नेहमी त्यांच्या मागे, दिवाणावर बसलेली असायचे. मला फक्त दोघांच्या पाठी दिसायच्या.